देह दांडगा, आयुष्य थोडके

नाशिकच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराची चौकट सोडून सगळ्या भिंतींना अनेकदा रंग लागला. चौकटीला मात्र आम्ही ब्रश लावू दिला नाही. त्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. दर गुढीपाडव्याला सासूबाई मुलांना तिथे उभे करीत आणि डोक्यावर पट्टी ठेवून रेघ ओढीत. १९९१ सालच्या पाडव्याला मुलांनी हट्टाने आणखी एक उंची मोजायला लावली. भीमची. खांद्यापर्यंत ८४ सेंटिमीटर. भीम तेव्हा एक वर्षाचा होता आणि त्याची रेघ माझ्या पाच वर्षांच्या मुलीच्या छातीपर्यंत पोहोचली होती. पुढे त्या रेघेच्या वर दुसरी रेघ ओढावी लागली नाही.

भीम ग्रेट डेन जातीचा कुत्रा. त्याच्यानंतर आमच्याकडे गंगा आली, तीही ग्रेट डेन, आणि शेवटी भालू नावाचा सेंट बर्नार्ड. चोवीस वर्षांत या तिघांनी आमच्या घराला जे दिले त्याचा हिशेब मांडता येत नाही. आमच्या चुकांचा मात्र मांडता येतो. आज अनेक घरांत असा दांडगा कुत्रा हौसेने आणला जातो, म्हणून तो मांडत आहे.

पिल्लू येते तेव्हा

१९९० मध्ये ह्यांच्या एका मित्राची बदली झाली आणि त्यांच्या कुत्रीच्या पिल्लांपैकी एक आमच्या पदरात पडले. गंगापूर रोडला आमचा लहानसा बंगला, पुढे अंगण, मागे पडवी. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाचाची. दोन महिन्यांचे ते पिल्लू मुलीच्या मांडीवर मावत होते. सासूबाई म्हणाल्या, ‘‘पंजे बघ त्याचे! हा कुत्रा नव्हे, वासरू आहे.’’

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. ग्रेट डेनचे पिल्लू जन्मते तेव्हा साधारण पाऊण किलोच्या आसपास असते आणि वर्ष-दीड वर्षात त्याचा पन्नास-पंचावन्न किलोंचा गडी होतो. माणसाच्या मुलाला जे करायला सोळा-सतरा वर्षे लागतात, ते हे जनावर बारा-पंधरा महिन्यांत उरकते. नाव डेन्मार्कचे असले तरी ही जात घडली जर्मनीत. पूर्वी तिचा उपयोग रानडुकराच्या शिकारीसाठी होत असे. जर्मन चॅन्सेलर बिस्मार्क यांच्या पायाशी बसणारे हे कुत्रे त्या काळी युरोपभर प्रसिद्ध होते.

एवढ्या वेगाने वाढणाऱ्या पिल्लाला भरपूर ताकद हवी, असे आम्हाला वाटले. कुणी सांगितले अंडी द्या, कुणी सांगितले कॅल्शियमचे औषध द्या. मी दोन्ही दिले. लहान मुलांना देतात तसे दुधातून दोन वेळा कॅल्शियम. सहाव्या महिन्यात भीमचे पुढचे पाय गुडघ्याखाली वाकडे दिसू लागले आणि तो लंगडू लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी आधी ती बाटली फेकायला सांगितली.

पुढे वाचनात आले की हॉलंडमधील उट्रेख्त विद्यापीठात १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवरच हा प्रयोग झाला होता. जादा कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांच्या हाडांची वाढ बिघडली. लहान वयात पिल्लाच्या आतड्याला जास्तीचे कॅल्शियम अडवता येत नाही. जेवढे पोटात जाईल त्याचा बराच भाग शरीरात शिरतो. म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लाला बेताने वाढवावे, गुबगुबीत करू नये, वर्ष-सव्वा वर्षाचे होईपर्यंत जिन्यावर उड्या मारू देऊ नयेत आणि गुळगुळीत फरशीवर पळवू नये. आम्ही दिवाणखान्यात जुनी सतरंजी अंथरली. भीमचे पाय बरेचसे सुधारले, पण उजवा पाय जन्मभर किंचित बाहेर वळलेला राहिला. तो दिसला की मला ती बाटली आठवे.

पडवीतला स्टोव्ह

आमचे घर शाकाहारी. भीमला नुसत्या भाकरी-दुधावर ठेवणे योग्य नाही हे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा घरात आठ दिवस अबोला होता. शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. मागच्या पडवीत वेगळा स्टोव्ह, वेगळे पातेले, वेगळी पळी. ते शिजवायचे काम ह्यांचे. भात, भाज्या आणि मटणाचे तुकडे असे ते पातेले रोज चढे. महिन्याच्या किराणा-भाजीच्या वहीत ‘भीम’ असा वेगळा रकाना पडला आणि काही महिन्यांत तो मुलांच्या शाळेच्या फीपेक्षा मोठा झाला. त्या वर्षी आम्ही नवा टीव्ही घ्यायचे लांबणीवर टाकले.

आणि ज्या सासूबाईंनी स्टोव्ह बाहेर काढला, त्यांनीच पोळ्याच्या दिवशी भीमला अंगणात उभे करून कुंकू लावले आणि पुरणपोळीचा घास भरवला. ‘‘बैल नाही दारात, मग हाच आमचा बैल,’’ म्हणाल्या. पुढे दर पोळ्याला हे होऊ लागले.

भीम स्वभावाने गरीब होता. पण गरीब कुत्राही पंचावन्न किलोंचा असला की त्याच्या प्रेमाचे ओझे होते. एकदा आनंदाने अंगावर झेप घेऊन त्याने दूधवाल्याला सायकलसकट आडवे केले. भाऊंना लागले नाही, पण सांडलेले दूध आणि गेलेली अब्रू दोन्ही आमचीच. त्या दिवसापासून मुलाने रोज संध्याकाळी त्याला ‘बस’, ‘थांब’ शिकवायला घेतले. हे शिक्षण कुत्रा पाच-सहा महिन्यांचा असतानाच व्हायला हवे होते. जो कुत्रा उद्या तुमच्यापेक्षा जड होणार आहे, त्याला साखळी ओढायची सवय आज लागू देऊ नये. लहान मुलांजवळ तर त्याला एकटे कधीच सोडू नये. त्याच्या मनात काही नसते, पण नुसत्या शेपटीच्या फटकाऱ्यानेही मूल पडते. भीमची शेपटी भिंतींवर आपटून टोकाला फुटत असे आणि बोळातल्या भिंतीवर एका विशिष्ट उंचीवर रक्ताचे ठिपके उमटत.

एक रात्र

१९९६च्या मे महिन्यात घरी पाहुणे होते. रात्री उशिरा भीमचे जेवण झाले. दिवसभराचे एकदम, नेहमीप्रमाणे मोठ्या घमेल्यात. त्याला मान वाकवायला लागू नये म्हणून ह्यांनी सुताराकडून खास उंच स्टूल करून घेतले होते. जेवण होताच मुले त्याला घेऊन अंगणात खेळली.

रात्री अकराच्या सुमारास तो अस्वस्थ झाला. उठे, बसे, पुन्हा उठे. ओकारी काढण्याचा प्रयत्न करी, पण नुसता फेस येई. पोट टणक झाले होते, टिचकी मारली तर ढोलासारखे वाजे. आम्हाला वाटले, गॅस झाला. मी ओवा-हिंगाचे पाणी पाजायचा प्रयत्न केला. सासूबाईंनी पोटाला तेल चोळले. ‘‘सकाळी डॉक्टरांकडे नेऊ,’’ असे ठरवून आम्ही आळीपाळीने त्याच्याजवळ बसलो. पहाटे चारला तो ह्यांच्या पायावर डोके ठेवून गेला. सहा वर्षांचा होता.

डॉक्टर सकाळी आले आणि त्यांनी समजावून सांगितले. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर हवेने फुगते आणि मग स्वतःभोवती पीळ घेते. दोन्ही तोंडे बंद होतात, रक्तपुरवठा तुटतो, कुत्रा हादरा बसून काही तासांत जातो. उपाय एकच, तातडीची शस्त्रक्रिया. घरगुती औषधाने पीळ सुटत नाही. आम्ही सकाळची वाट पाहत बसलो होतो. हातात होते ते तासच आम्ही घालवले.

अमेरिकेतील परड्यू विद्यापीठाने १९९०च्या दशकात या आजाराचा मोठा अभ्यास केला. ग्रेट डेन ही सर्वाधिक धोक्यातली जात ठरली. दिवसातून एकदाच भरपेट जेवण, भराभर खाणे, वाढते वय आणि आई-बाप-भावंडांपैकी कुणाला हा आजार झालेला असणे या गोष्टी धोका वाढवतात असे दिसले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आणखी एक गोष्ट होती. उंचावर भांडे ठेवून खाणाऱ्या कुत्र्यांत धोका कमी नव्हे, जास्त आढळला होता. याविषयी सगळ्या तज्ज्ञांचे आजही एकमत नाही. पण ते वाचल्यावर ह्यांनी माळ्यावरचे ते स्टूल खाली काढले आणि काही न बोलता फोडून बंबात घातले.

गंगेची नऊ वर्षे

दोन वर्षे आम्ही कुत्रा आणला नाही. हम आपके हैं कौन हा चित्रपट १९९४ मध्ये येऊन गेल्यापासून ज्याच्यात्याच्या घरी टफीसारखा पांढरा, झुपकेदार कुत्रा दिसत होता. नातेवाईक म्हणत, तसलाच लहानसा घ्या. पण १९९८ मध्ये मुलगी तेरा वर्षांची असताना तिने सांगितले, ‘‘आई, आता आपल्याला माहीत आहे ना काय करायचे नाही ते? मग दुसरा भीमच आणू.’’

गंगा आली. भीमच्या बाबतीत चुकलेले सारे आम्ही तिच्यासाठी सुधारले. जेवण दिवसातून तीन वेळा, थोडे थोडे. जेवणाआधी आणि नंतर तासभर धावपळ नाही. डॉक्टरांचा फोन नंबर आणि रात्री शस्त्रक्रिया करतील अशा जागेचा पत्ता फोनजवळ भिंतीवर चिकटवलेला. आज पिल्लावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया करतानाच जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून बांधून ठेवता येते, म्हणजे पीळ पडत नाही. ही सोय आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांत आहे. मोठा कुत्रा असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांना याबद्दल अवश्य विचारावे.

तरीही एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. नाशिक द्राक्षांचे गाव. आमच्या नात्यातल्यांची बाग आहे, दर वर्षी पेट्या येत. मुले खात, भीमही खाई आणि त्याला कधी काही झाले नाही. एका उन्हाळ्यात गंगेने गच्चीवर वाळत घातलेल्या बेदाण्यांचे अर्धे ताट फस्त केले. दुसऱ्या दिवशी उलट्या, मग लघवी कमी झाली. तीन दिवस सलाईन लावावे लागले तेव्हा ती वाचली. द्राक्षे आणि बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करतात, हे आता पक्के माहीत झाले आहे. २०२१ मध्ये अमेरिकन पशुवैद्यांनी त्यातले टार्टारिक आम्ल हे कारण असावे असे मांडले. तेच आम्ल चिंचेत असते. तेव्हा चिंचेची आमटी कालवलेला भातही कुत्र्याला घालू नये.

गंगेने आमच्या घरात सर्वांत मोठे काम केले ते सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात. २००४ मध्ये त्या पाच महिने अंथरुणाला खिळून होत्या. गंगा त्यांच्या खाटेला पाठ लावून बसे. तिची पाठ खाटेच्या उंचीला बरोबर लागे, आणि सासूबाई झोपेतही हात तिच्यावर ठेवीत. रात्री त्यांना पाणी हवे असले तर गंगा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राही. ज्यांनी स्टोव्ह पडवीत घालवला होता, त्या सासूबाई शेवटच्या आठवड्यात मला म्हणाल्या, ‘‘माझ्यामागे हिला उपाशी ठेवू नकोस. आत शिजवलेस तरी चालेल.’’

आठव्या वर्षी गंगेचे मागचे पाय थकले. म्हाताऱ्या मोठ्या कुत्र्याला उठवणे हे एकट्याचे काम नाही. जुना पंचा पोटाखालून घेऊन दोन्ही टोके धरायची आणि तिला उभे करायचे, दिवसातून सहा वेळा. ह्यांची कंबर धरली. मुलगा नोकरीसाठी बाहेर होता, मुलगी कॉलेज सांभाळून रात्री उठत असे. २००७च्या पावसाळ्यात गंगेने खाणे सोडले. डॉक्टरांनी विचारले, ‘‘झोपेचे इंजेक्शन देऊ का?’’ घरात दोन दिवस वाद झाला. हे म्हणाले, जीव घेणारे आपण कोण? मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, भीमला आपण पहाटेपर्यंत तळमळू दिले. हिलाही तसेच करायचे?’’ तिसऱ्या दिवशी डॉक्टर घरी आले. गंगेचे डोके मुलीच्या मांडीवर होते.

थोडके आयुष्य का?

दोघांच्याही वेळी मुलांनी एकच प्रश्न विचारला होता. शेजारचा लहानसा पॉमेरेनियन चौदा वर्षांचा होऊनही भुंकतो, मग आपलेच का जातात? निसर्गात हत्ती उंदरापेक्षा जास्त जगतो. कुत्र्यांत मात्र उलटे आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हजारो कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. दिसले ते असे, की शरीराच्या दर दोन किलो वजनामागे आयुष्य साधारण एका महिन्याने कमी होते आणि मोठ्या कुत्र्यांचे म्हातारपण झपाट्याने पुढे सरकते. अमेरिकेत मिशिगनमध्ये झ्यूस नावाचा ग्रेट डेन होता. खांद्यापर्यंत १११.८ सेंटिमीटर, गिनेसच्या नोंदीत जगातला सर्वांत उंच कुत्रा. २०१४ मध्ये तो गेला तेव्हा त्याला सहावे वर्षही पुरे झाले नव्हते.

बर्फातला पाहुणा

भालू आम्ही मागून आणला नाही. २००९ मध्ये मुंबईच्या एका फ्लॅटमधले कुटुंब आपला तीन वर्षांचा सेंट बर्नार्ड कुणाला तरी देऊ पाहत होते. लाळ, केस आणि दिवसरात्र चालणाऱ्या वातानुकूलन यंत्राचे बिल यांना ते कंटाळले होते. पिल्लू घेताना ते गोंडस होते. सत्तर किलोंचे होईल, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

या जातीचे मूळ स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरची ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड. समुद्रसपाटीपासून २४६९ मीटर उंच. तिथल्या मठातले हे कुत्रे बर्फात वाट चुकलेल्यांना शोधीत. त्यांतल्या बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीसहून अधिक जीव वाचवले असे सांगतात. १८१४ मध्ये तो मेला, आणि त्याचे जतन केलेले शरीर आजही बर्नच्या संग्रहालयात आहे. अशा बर्फातल्या प्राण्याला आपण चाळीस अंशांच्या उन्हात आणतो! कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो.

भालूला फिरवायचे ते पहाटे पाचला आणि रात्री नऊनंतर. दुपारी कूलरसमोर ओली फरशी. तरी पहिल्याच मे महिन्यात तो अंगणात कोसळला. जीभ जांभळट, नजर स्थिर. या वेळी मात्र आम्ही वाट पाहिली नाही. सावलीत ओढले, नळीने अंगावर साधे पाणी सोडले, पंखा लावला आणि तसाच भिजलेला गाडीत घालून दवाखाना गाठला. तो वाचला आणि पुढे पाच वर्षे जगला. २०१४ मध्ये तोही गेला.

आता

त्यानंतर आम्ही दोघांनी ठरवले की आता नाही. प्रेम आटले म्हणून नव्हे. साठी ओलांडलेल्या दोन माणसांना पंचा धरून पन्नास-साठ किलो उचलता येत नाहीत, आणि ते करता येणार नसेल तर असा कुत्रा आणण्याचा आपल्याला अधिकार नाही. हा निर्णय आम्हाला जड गेला. संध्याकाळी फाटक वाजले की अजूनही कान शेपटीचा आवाज शोधतात.

गेल्या दिवाळीत मुलगी आठ वर्षांच्या नातीला घेऊन आली. पुण्यात त्यांचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. नातीला ग्रेट डेन हवा आहे. मी मुलीला विचारले, लिफ्ट बंद पडली तर म्हाताऱ्या कुत्र्याला तीन जिने कोण उतरवणार? रात्री बाराला दवाखाना कुठे उघडा आहे? महिन्याचा खर्च मांडलास का? सातव्या-आठव्या वर्षी हिला काय सांगशील? पहिल्या तीन प्रश्नांवर ती गप्प बसली. चौथ्यावर म्हणाली, ‘‘तू मला सांगितलेस तेच.’’ तळमजल्यावर घर मिळेपर्यंत थांबायचे तिने ठरवले आहे.

निघायच्या दिवशी नातीची उंची मोजली. चौकटीवर तिच्या आईच्या, मामाच्या आणि तिच्या स्वतःच्या रेघा एकीवर एक चढत गेल्या आहेत. तिने खालच्या त्या एकट्या रेघेवर बोट ठेवले.

‘‘आजी, ही कुणाची? हिच्या वर दुसरी का नाही?’’

‘‘भीमची. त्याची वाढ एका वर्षातच पुरी झाली होती.’’

तिने पेन्सिल मागून घेतली आणि त्या रेघेशेजारी नाव लिहिले. इतकी वर्षे ते लिहायचे आमच्याकडून राहूनच गेले होते.